लाल ढेकणांचा उपास

मुलगी झाली तेव्हा बंद पडलेली माझी पीएचडी आठ वर्षांनी पुन्हा सुरू झाली, आणि आता मुदतवाढीचे शेवटचे दोन महिने उरले होते. विषय काय, तर भेंडी-कपाशीवरचे लाल ढेकूण. नेमकं तेव्हाच कॉलेजात प्रयोगशाळेचं रंगकाम निघालं. मी शेवटची तुकडी इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटवर आणली, सूक्ष्मदर्शकासकट. घरच्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

प्रयोग साधा होता. या ढेकणाची मादी उपाशी असेल तर तिचे उडायचे स्नायू शाबूत राहतात. अन्न शोधत फिरावं लागतं ना. पोटभर सरकी मिळाली, की डोक्यातल्या इवल्याशा ग्रंथीतून एक संप्रेरक पाझरतं, ते स्नायू विरघळतात आणि त्यातलं सत्त्व अंड्यांना जातं. पंख राहतात, उडणं जातं. माझ्याकडे दोन डबे होते, एक सरकीवरचा आणि एक नुसत्या पाण्यावरचा.

सासूबाई चांदवडहून आल्या होत्या. त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं, की या डब्यातल्यांना मुद्दाम उपाशी ठेवलंय. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. त्याच्या पुढच्या सकाळी पाहते तर पाण्यावरच्या डब्यात भिजवलेली सरकी, आणि सगळ्या माद्या तिच्यात सोंडा खुपसून बसलेल्या.

"आई, हे कोणी केलं?"

"मीच. चंद्र बघून माझा उपास सोडला, मंग त्यांचाबी सोडला. घरात मुके जीव उपाशी, मला घास जाईल का?"

मी तोंडाला येईल ते बोलले. त्या खाली मान घालून मेथी निवडत राहिल्या. लाज वाटली मला, पण रागापुढे तिचं काही चाललं नाही. नवी तुकडी वाढवायला वेळच नव्हता.

मार्गदर्शक बाईंना रडतच फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "खायला नक्की किती वाजता घातलं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चंद्रोदय आठ सत्तेचाळीस. सासूबाई त्याआधी पाण्याचा घोटही घेणाऱ्यातल्या नाहीत.

"मग हा तिसरा गट," बाई म्हणाल्या. "नुसत्या उपाशी माद्यांच्या नोंदी तुझ्याकडे आधीच्या तुकड्यांमधून आहेतच. आता यातल्या रोज थोड्या माद्या चिरून बघ. आणि कसं घडलं ते खरं लिही."

पहिल्या दिवशी स्नायू घट्ट, गुलाबीसर होते. पाचव्या दिवशी फिकट, पाणेरी. इतके दिवस खोळंबलेलं सगळं त्या जेवणानंतर सुरू झालं होतं, आणि माझ्या हातात त्याची सुरुवातीपासूनची नोंद होती. मला नाचावंसं वाटलं. आधी जाऊन सासूबाईंची माफी मागितली आणि त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवून स्नायूंचं सांगितलं.

"उडणं गेलं हिचं?"

"गेलं."

"अन् हे पिवळं पिवळं?"

"अंडी. त्यांच्यासाठीच तर गेलं."

सासूबाई डोळा न काढताच म्हणाल्या, "हिला एकच जमतं, बिचारीला. तू काय किडा हायेस का? जा, लिहायला बस. पोरीचा डबा मी भरते."