वेणी होईपर्यंत

सरोजकाकूंनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं, पण त्यांच्याइतकं सुरेख अंडं आमच्या अख्ख्या कॉलनीत कुणी उकडत नसे. त्यांच्या यजमानांना, म्हणजे हवाई दलातल्या काकांना, सकाळी अंडं लागायचं. काकू वाईच्या, सोवळ्यात वाढलेल्या; स्वयंपाकघरात अंडं येणं शक्यच नव्हतं. म्हणून गॅलरीत वातीचा स्टोव्ह, वेगळं पातेलं, वेगळी मिठाची वाटी असा काकांचा स्वतंत्र संसार मांडलेला होता. तो चालवायच्या मात्र काकूच.

मी लग्न होऊन चंदीगडला आले ती ऐन थंडीत. फ्रिजमधली अंडी उकळत्या पाण्यात सोडली आणि सगळी तडकली. रडगाणं घेऊन शेजारी काकूंकडे गेले.

"अगं, गारठून आलेल्या पाहुण्याला कढत पाण्यात ढकलतेस होय?" काकू म्हणाल्या. अंडी आधी बाहेर काढून ठेवायची, गार पाण्यातच घालून चढवायची, उकळी आली की स्टोव्ह विझवून झाकण ठेवायचं. पुढे किती वेळ, असं मी विचारलं. "माझी वेणी होईपर्यंत," त्या म्हणाल्या आणि केस मोकळे करून तिथेच बसल्या. शेवटची गाठ मारून त्यांनी अंडी गार पाण्यात टाकली. रुंद टोकाकडून सोललं, तर कवच कसं अलगद निघालं!

पुढच्या वर्षी काकूंचं मोठं ऑपरेशन झालं. अंगात ताकद म्हणून भरेना, हात वर उचलला तरी दम लागे. माझा नवरा डॉक्टर, त्याने बजावून सांगितलं की अंडं खायलाच हवं, नाहीतर अंथरूण सुटायचं नाही. काकू बधल्या नाहीत. काका बिचारे रोज तडकलेलं, फेसाळलेलं काहीतरी बशीतून आणत आणि काकू भिंतीकडे तोंड करत. काका आतून पार घाबरले होते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

एका सकाळी मी तिथेच होते. काकूंना ते अंड्याचे हाल बघवेनात. पडल्या पडल्या त्यांनी काकांना सगळी रीत सांगितली. झाकण ठेवून झाल्यावर काकांनी विचारलं, किती वेळ? सेक्टर बावीसच्या बाजारात फॉरेनचे टायमर आलेत, घेऊन येऊ का?

"माझी वेणी होईपर्यंत," काकू सवयीने बोलून गेल्या. पण त्यांचे हात कुठे वर जात होते?

काकांनी फणी घेतली. जन्मात पहिल्यांदाच! पेड सुटायचे, पुन्हा घालायचे, मध्येच "सॉरी" म्हणायचे. वेणी झाली ती सुंभासारखी, आणि तोवर अंडं दगड झालेलं. काकूंनी वेणी चाचपली, बशीकडे पाहिलं.

"आता एवढं केलंत, तर टाकू कशी?" म्हणाल्या आणि डोळे मिटून अख्खं अंडं खाल्लं. काका मिठाची वाटी हातात धरून नुसते उभे होते.

काकांची वेणी जसजशी झपझप होऊ लागली, तसतसं अंडंही मऊ होत गेलं. काकू खडखडीत बऱ्या झाल्या आणि त्याच दिवशी त्यांनी अंडं सोडलं.

वर्षभराने त्यांची बदली झाली. निरोप द्यायला गेले तेव्हा सामान ट्रकमध्ये चढलं होतं. रिकाम्या गॅलरीत काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या, आणि मागे काका दातात रिबन धरून त्यांची वेणी घालत होते.