म्युझिक चालू होतं

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही, आणि तेव्हा तर अंगात वारंच शिरलं होतं. सत्तरीचं दशक संपत आलेलं. मी आर्वीच्या एका ऑर्केस्ट्रात गात होते. गणपती, शारदोत्सव, कुणाच्या घरचं बारसं, बोलावणं आलं की निघायचं. काँगो, ढोलक, अॅकॉर्डियन सगळं एसटीच्या टपावर, आणि मी खाली खिडकीशी, धुळीनं घसा बसू नये म्हणून नाकाला पदर लावून. रोहण्यात गात असले की हिंगणघाट कधी येतं असं व्हायचं, हिंगणघाटला पोचले की पुढच्या गावाची घाई. घरी चार दिवस काढावे लागले की मी उगाच भांडणं उकरून काढायची.

सोबत बाबा असायचे. ते शाळेत मास्तर. मुलगी गाणार तर बाप बरोबर जाणार, या एकाच अटीवर आईनं होकार दिला होता. सुरुवातीला ते स्टेजमागे खुर्ची टाकून, माझ्याकडे पाठ करून पोरांचे पेपर तपासायचे. हळूहळू खुर्ची वळली. पुढं पुढं तर तबलेवाला चुकला की आठी बाबांच्या कपाळावर पडायची.

अशात वर्ध्याचं एक स्थळ आलं. मुलगा कचेरीत, माणसं तोलूनमापून बोलणारी. मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं की त्यांना घरात राहणारी मुलगी हवी, स्टेजवरची नको. आईनं ठरवून टाकलं, ऑर्केस्ट्राचं नावच काढायचं नाही आणि लग्न जमलं की गाणं बंद. बाबा गप्प. त्यांचं ते गप्प राहणं मला फार लागलं. पाहुणे यायचे होते ती नेमकी कोजागिरी, आणि त्याच संध्याकाळी आष्टीला आमचा कार्यक्रम. मुलगी येणार नाही, असा निरोप बाबा स्वतः जाऊन देऊन आले.

दुपारी पाहुणे आले. मी नवी साडी नेसून, मान खाली घालून सतरंजीवर बसले, पण साडीखाली पायाचा अंगठा काही थांबत नव्हता. एसटी डेपो जवळच. प्रत्येक हॉर्नसरशी जीव दाराकडे धावायचा. वाटायचं, हीच आष्टीची, आता गेली. आलुपोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या आईनं विचारलं, "गानं-बिनं येते का तुले?"

आईनं सकाळीच बजावलं होतं, "इचारलं तर एखादं भजन म्हनजो. साधं. हातवारे नको करू."

मी भजनच म्हटलं. पण आमच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्याच भजनानं व्हायची आणि वाद्यांशिवाय ते मला येतच नव्हतं. ध्रुवपद संपलं तशी मी थांबले. तिथं अॅकॉर्डियनचा लांबलचक तुकडा आहे, मग बासरी, मग तबला उचलतो आणि त्यावर अंतरा. माझ्या डोक्यात ते सगळं वाजत होतं. खोलीत मात्र चिडीचूप. पाहुण्यांना वाटलं, झालं गाणं.

"बरं म्हनते हो," मुलाची आई म्हणाली. "आता स्वैपाकाचं..."

"थांबा!" बाबांनी हात वर केला. "म्युझिक चालू हाय."

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. बाबांचं बोट मांडीवर ठेका धरून होतं. त्या खोलीत ते गाणं ऐकू येणारी आम्ही दोघंच होतो. माझा अंतरा घशातच राहिला.

"कायचं म्युझिक?" मुलाच्या आईनं विचारलं.

बाबांनी हात खाली घेतला. एकदा आईकडे पाहिलं. "ऑर्केस्ट्रात गाते ते," ते म्हणाले. "मी संगं असतो."

"पन लग्न झाल्यावर बंद होईन ना हे?"

"होईन ना, होईन," आई घाईनं म्हणाली.

"नाई," बाबा म्हणाले. "बंद नाई होनार."

कळवतो म्हणून पाहुणे उठले. कळवतो म्हणणारे कळवत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आई भिंतीला टेकून रडायला लागली. तिचं तरी काय चुकत होतं? माझ्या पाठीवर आणखी एक बहीण होती. मला आईची दया येत होती आणि त्याच वेळी आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

बाबांनी दारातल्या चपला पायात सरकवल्या. "चाल," ते मला म्हणाले, "आष्टीची गाडी भेटते अजून."

"काऊन बोलले तुमी मधात?" आईनं त्यांना विचारलं. "चूप राह्यले असते तं जमून गेलं असतं ना."

बाबा उंबऱ्यात थांबले. आईला उलट बोलणं त्यांना त्या दिवसापर्यंत कधी जमलं नव्हतं.

"अंतरा राह्यला होता तिचा," ते हळूच म्हणाले.

मला रडू फुटलं, पण थांबायला वेळ नव्हता. त्याच साडीत मी डेपोकडे पळत सुटले.