शेवटच्या आठ ओळी

"जागा किती हाय?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. जिना चढून आले की दारातूनच ते हे विचारायचे. मग टेबलापाशी यायचे, खुर्चीवरचे माझे कागद उचलून खिडकीत ठेवायचे आणि बसायचे.

"दीड कॉलम," मी म्हणायची.

"दीडात त्यो बँडवाला मावत न्हाय, म्याडम. एका दमात अर्धी वरात फुडं नेतंय ते गडी. त्याला दीड कॉलम?"

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका दैनिकाची रविवार पुरवणी बघत होते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ते माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. आमच्या पेपरात नोकरीला नव्हते, कुठल्याच पेपरात नव्हते. लेख लिहायचे, लुनावरून आणून द्यायचे आणि जायचे. तरीही निम्मं कोल्हापूर त्यांना 'पेपरवाले' म्हणूनच हाक मारायचं. आम्ही पगारी माणसं रोज त्या पेपरात राबत होतो, आम्हाला मात्र कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा ओळखत नव्हता. याचं मला थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

ते लिहायचे वाजवणाऱ्यांवर. मैफलीतल्या गवयांवर लिहायला शहरात पुष्कळ जण होते. हे लिहायचे ते वरातीत बँड वाजवणाऱ्यांवर, गणपतीतल्या बेंजो पार्टीवर, हलगीवाल्यांवर, एकाच गळ्यातून नायक आणि नायिका दोघांची गाणी म्हणणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या पोरावर. एखाद्याला तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकल्याशिवाय त्याच्यावर लेख लिहायचा नाही, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे आमंत्रण नसलेल्या लग्नांना जाण्यात त्यांचा हातखंडा. मांडवात जायचे नाहीत, बँडच्या बाजूला उभे राहायचे. मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचे असतील, मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचे.

एकदा कागलच्या एका लग्नात मुलीच्या वडिलांनी यांना नवऱ्या मुलाचा मामा समजून फेटा बांधला. तो गुलाबी फेटा तसाच डोक्यावर घेऊन ते ऑफिसात आले.

"अहो, सांगायचं तरी, मी मामा नाही म्हणून," मी म्हटलं.

"भरल्या मांडवात पावण्याचा अपमान करू व्हय?"

"आणि खऱ्या मामाचं काय झालं?"

"त्यो रुसला. रुसायचा मान बी त्याचाच हाय की."

त्यांची दुसरी एक सवय तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या सवयीवरूनच झालं. लेख लिहून झाला की तो आधी माझ्याकडे येत नसे. ज्याच्यावर लिहिलाय त्याच्या घरी जायचा. तिथे ते तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचे. बायको, पोरं, शेजारी, सगळे ऐकायला बसायचे. कोणी "ह्ये नको" म्हटलं की तिथल्या तिथे खोडायचे. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका हलगीवाल्याने त्यांना मध्येच थांबवलं होतं.

"ह्ये 'अलौकिक' म्हंजी काय वो?"

"लई भारी."

"मग तसं लिवा की! माझ्या पोरास्नी कळाय नको?"

त्या लेखात आलं 'लई भारी'. मी ते काढून 'अप्रतिम' केलं, कारण मी मराठीची एम. ए. होते आणि त्या वयात माणसाला असं काहीबाही करावंसं वाटतं. ते भांडले नाहीत. पण पुढच्या लेखापासून कागदाच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने दोन शब्द यायला लागले – 'वाचून झालंय'. म्हणजे आता याला कोणी हात लावायचा नाही. पेपरवाल्यांनी जे वाचून दाखवलं तेच छापून येतं, यावर त्या सगळ्या मंडळींचा विश्वास होता. ओळखपत्र नाही, पगार नाही, पण त्या एका गोष्टीवर कोणाचंही दार त्यांना उघडायचं.

शिवाप्पावरचा लेख त्यांनी असाच आणला. शिवाप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी करायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. आठ-आठ तास मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याला ऐकू कमी यायला लागलं होतं, पण सुराला केसभर चुकायचा नाही. त्याचे गुरू बिद्रीकडच्या एका खेड्यात राहत होते, नव्वदीच्या घरातले. शिवाप्पा सीमेकडचा, घरात कानडी बोलणारा. गुरूंना तो 'अज्जा', म्हणजे आजोबा, म्हणायचा. वाद्य तोंडाला लावण्याआधी अज्जाचं नाव, वाजवून झालं की पुन्हा अज्जाचं नाव. लेख ऐकल्यावर त्याने एकच बदल सांगितला होता. अज्जाचं नाव मधे कुठेतरी होतं, ते सगळ्यात शेवटी घालायला लावलं. म्हणाला, "शेवटचं नाव घिऊनच माणूस उठतंय."

तो लेख पेपरवाल्यांनी आजवर लिहिलेल्या सगळ्या लेखांत चांगला होता. मी शनिवारी पान लावून मोकळी झाले. दुपारी जाहिरात विभागातून साड्यांच्या दुकानाची जाहिरात आली. तेव्हा मजकूर कागदावर काढून, ब्लेडने कापून पानावर चिकटवायची पद्धत होती. चिकटवणारा म्हणाला, "आठ ओळी जास्त हुत्यात." पेपरातला अलिखित नियम असा, की कापायचं ते खालून. महत्त्वाचं सगळं वर असतं, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. कागदाच्या डोक्यावरचे लाल शब्द मला दिसत होते. मी म्हटलं, काप.

त्याने त्या आठ ओळी कापल्या.

सोमवारी ते आले. मी जरा बिचकूनच होते.

"जागा कमी पडली व्हय?" त्यांनी विचारलं.

"ऐनवेळी जाहिरात आली हो. कोणी काही बोललं का?"

"न्हाय न्हाय. कोण काय बोलतंय?"

मी निश्चिंत होऊन चहा मागवला. इतकी भाबडी होते मी.

पुढचा लेख त्यांनी आणला तो कबुतरांवर. तासन् तास गच्चीत मान वर करून उभे राहणारे, आपलं कबूतर कुणाच्या कबुतरांत मिसळलं तर जेवण सोडणारे शौकीन त्यांनी असे रंगवले होते, की आमच्या संपादकांनी केबिनमधून बाहेर येऊन कौतुक केलं. मग पाठोपाठ आले रिक्षा सजवणारे, जे बायकोला आरसा घेत नाहीत पण रिक्षाला सात लावतात. मग आपापल्या तालमीच्या संघासाठी भांडणारे फुटबॉलवेडे. मग म्हशींची शिंगं रंगवून त्यांना गाडीमागे पळवणारे. लोक रविवारची वाट बघायला लागले. दुसऱ्या पेपरांनीही त्यांच्याकडे असले लेख मागायला सुरुवात केली. मी चारचौघांत सांगायची, 'बँडबाजातून मी त्यांना बाहेर काढलं.'

गाण्याबजावण्यावर मात्र त्यांनी एक ओळ लिहिली नाही. एकदा मी विचारलं तर हसून म्हणाले, "कान गेला, म्याडम."

पुढे एका उन्हाळ्यात मिरजकर तिकटीपाशी मी रिक्षाची वाट बघत उभी होते. समोरून वरात येत होती. पलीकडे उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाच्या तट्ट्यामागे पेपरवाले दिसले. लुना स्टँडला लावलेली, हातात रसाचा ग्लास, तो तसाच भरलेला. बँडवाल्यांना दिसू नयेत अशा बेताने तट्ट्याआड सरकत ते ऐकत होते. वरात जाईपर्यंत ते हलले नाहीत. कान गेलेला माणूस असा उभा राहत नाही, एवढं मलाही कळलं. पण मी हाक मारली नाही.

खरं काय ते कळायला त्यानंतर आणखी दोन वर्षं गेली. एका बँडचे मालक जाहिरात द्यायला आले होते. मी सहज म्हटलं, तुमच्यावर आमचे पेपरवाले छान लिहितील. ते गृहस्थ ताडकन म्हणाले, "त्यांचं नाव काढू नका. वाचून दावत्यात एक आन छापत्यात एक. शिवाप्पाच्या गुरूचं नाव गिळलं त्यांनी. कुठला बँडवाला आता उभं करून घेत न्हाय त्यास्नी."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. बहिणीकडे राहायचे, लग्न केलेलं नव्हतं. बहिणीने पोहे केले. बराच वेळ टाळून शेवटी त्यांनी सांगितलं.

त्या रविवारी बिद्रीकडच्या त्या खेड्यात, सकाळी दूध घालायच्या वेळी, डेअरीच्या कट्ट्यावर कोणीतरी लेख मोठ्याने वाचला. अज्जांना मुद्दाम बोलावून खुर्ची दिली होती. वाचणाऱ्याने पेपर मिटला तेव्हा अज्जा म्हणाले, "फुडं?" तो म्हणाला, "संपलं." म्हातारा उठून गेला. शिवाप्पा भेटायला आला तेव्हा त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "माझं नाव गिळून मोठा झालास, आता तसाच ऱ्हा," म्हणाले.

"मग मी गेलतो," पेपरवाले म्हणाले. "त्याच कट्ट्यावर बसून हातानं लिवलेला कागद वाचला, शेवटपत्तोर. आन सांगितलं, शिवाप्पानं नाव घालाय लावलं हुतं, छापाय देताना माझ्याकडनं ऱ्हायलं. अज्जानं मला लई शिव्या घातल्या. चांगल्या ठेवणीतल्या. आन शिवाप्पाला बोलावून घेतलं."

"पण तुमच्याकडून नाही राहिलं! मी कापलं. माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कोण वळखतंय तिथं? न बघितलेल्या माणसावर राग धरता येत न्हाय, म्याडम. त्यो परत शिवाप्पावरच गेला असता. आन वाचून मी दावलं हुतं. तुम्ही दावलं हुतं काय?"

मी तिथे त्यांच्या बहिणीसमोर रडले. म्हटलं, आपण इचलकरंजीला जाऊ, मी शिवाप्पाला सांगते. ते म्हणाले, "जाऊ की. सवडीनं."

सवड. पुरवणी, मुलीची दहावी, सासूबाईंचं आजारपण, कारणं काय कमी असतात? खरी गोष्ट ही, की मला भीती वाटत होती. एका क्लॅरोनेटवाल्याच्या दारात उभं राहून 'चूक माझी' म्हणायचं, एवढंच करायचं होतं. इचलकरंजीची बस तासातासाला होती. त्यांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही. अज्जा वारले, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. मग त्यांची स्वतःची साखर वाढत गेली, पायाची जखम भरेना, लुना सुटली. आणि एका मार्चमध्ये ते गेले.

शोकसभेला हॉल भरला होता. रिक्षावाले खाकी कपड्यांतच आले होते. कबुतरवाले एका रांगेत बसले होते. तालमींचे लोक आले होते, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी शेजारी बसले होते. सगळे बोलले. मीही बोलले, चांगलंच बोलले, टाळ्यासुद्धा पडल्या. वाजवणारं मात्र कोणी आलं नव्हतं.

लोक पांगल्यावर मागच्या खुर्चीवर एक जण बसलेला दिसला. पांढरा शर्ट, पांढरी विजार, साठीचा माणूस. मी जवळ गेले तसा तो उठला.

"शिवाप्पा. इचलकरंजी," तो म्हणाला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा मोठ्याने बोलत होता. "माणूस गेल्यावर राग धरू ने म्हणत्यात. म्हणून आलो."

मग मी त्याला सांगितलं. पहिल्यांदा त्याला ऐकूच गेलं नाही, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये मला ओरडून सांगावं लागलं. जाहिरात आली. आठ ओळी जास्त झाल्या. त्या मी कापल्या. त्यांनी लिहिलं होतं, अज्जांचं नाव त्यांनी शेवटीच घातलं होतं.

मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. द्याव्यात असं फार वाटत होतं.

"चार डाव आलते माझ्या दारात," तो म्हणाला. "चारी डाव मी घरातच हुतो. बायकोला सांगाय लावलं, पाळीवर गेल्यात म्हणून. खिडकीतनं बघत हुतो मी. उनात उभं ऱ्हायाचे आन जायाचे."

त्याने चपला काढल्या. स्टेजच्या पायऱ्या चढून तो पेपरवाल्यांच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. हॉलवाला खुर्च्या गोळा करत होता, तो थांबला. शिवाप्पाने हात जोडले नाहीत. दारात आलेल्या माणसाशी बोलावं तसा तो फोटोशी बोलला, आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजात ते खालपर्यंत ऐकू आलं.

"पावणं, मी घरातच हाय. आत या की."