गोदाकाकीचं गाऱ्हाणं

नळाला पाणी आलं नाही की जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत गोदाकाकी पदर खोचून नळासमोर उभी राहायची आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायची. "बा देवा म्हाराजा, ह्या नळाक काय बाधा झाली आसात ती दूर कर म्हाराजा!" रांगेतल्या सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. मालवणातली रीतच ती. एकानं देवाला सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. पाणी काही यायचं नाही, पण भांडणं थांबायची.

तिचा एकुलता एक सुऱ्या माझा दोस्त. संपात गिरणी गेली आणि हा गर्द ओढायला लागला. काकी त्याला खोलीत कोंडायची, शिव्या घालायची आणि खिडकीतून पेज द्यायची.

तेव्हा गर्दचा नवा कायदा आला होता. विकणारे नाक्यावर मोकळे, ओढणारे आत! सुऱ्याला इन्स्पेक्टरनं उचललं. नशा तुटली तशी लॉकअपमध्ये त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, रक्त पडायला लागलं. काकी आणि मी बाहेर बाकावर. मी म्हटलं, "साहेब, डॉक्टर बोलवा ना." तो हसला. "गर्दुल्ल्याला कसला रे डॉक्टर?"

संध्याकाळी सुऱ्या गेला. काकी रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझो झील गर्दुल्लो होतो, कुत्रो न्हवतो."

आणि त्याच वर्षी, लाज कोळून प्यायलेल्या आमच्या मंडळानं त्याच इन्स्पेक्टरला गणपतीच्या आरतीला बोलावलं. शाल, नारळ, सगळं. आरती झाली. गाऱ्हाण्याला म्हातारे तात्या उठायच्या आत काकी पुढे झाली.

"बा देवा गणपती म्हाराजा, जेणा माझ्या झिलाक तडफडत ठेवल्यान, तेच्या झिलाक ह्याच दुखणा येवंदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खी चाळ ओरडली. सवयच ती, ऐकून कोण म्हणतं! काय म्हटलं ते कळल्यावर जो तो मागे सरकला. मी मात्र इन्स्पेक्टरच्या तोंडाकडे बघत एकटाच पुन्हा ओरडलो, "होय म्हाराजा!"

दोन गणपती गेले. तिसऱ्याला तो आपणहून आला, साध्या कपड्यात, दाढी वाढलेली. "बाई, ते गाऱ्हाणं मागे घ्या. माझा पोरगा गर्द ओढतो. घराची वाट लागली."

अस्सं बरं वाटलं मला!

काकीनं त्याला बसही म्हटलं नाही. "गाऱ्हाणा मागे घेवक येणा नाय. नवा घालतंय. पण आधी तू काय केलंस ता गणपतीसमोर सगळ्यांका सांग."

चाळ जमली. तो पुटपुटला, "सुरेश लॉकअपमध्ये मेला..."

"मेलो नाय. परत सांग."

"मी डॉक्टर बोलावला नाही. मी मारला त्याला."

मग काकीनं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्याच्या झिलाक डॉक्टर मेळांदे, लॉकअप नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चाळ म्हणाली. या वेळी ऐकून म्हणाली.

काकी माझ्याकडे वळली. "तू पण म्हण रे."

"नाय म्हणणार."

त्याचा पोरगा वाचला, त्याचं लग्नही झालं. काकी जाऊन आता कैक वर्षं झाली. मी अजून म्हटलेलं नाही.