काचेबाहेरचा आवाज

ताई आयुष्यात खोटं फारसं बोलली नाही. पण जे बोलली ते घाऊकच. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि धाकटा भाऊ पाच. गल्लीत टीव्ही फक्त घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे, आणि धूळ नको म्हणून त्याची खिडकी कायम बंद. दर गुरुवारी संध्याकाळी लहान मुलांना चार गोष्टी शिकवणारा कार्यक्रम लागे. ही दोघं काचेला नाक लावून उभी राहत. चित्र दिसे, आवाज मात्र ऐकू येत नसे.

"मला येतं ऐकू. मोठ्या माणसांचे कान मोठे असतात," ताईने ठोकून दिलं. मग काय, त्या कार्यक्रमातलं लोकरीचं बदक आणि टकलू बाहुला तिच्या तोंडून धडाधडा बोलायला लागले. एका गुरुवारी टकलूने पाना घेऊन पाइपावर तीनदा ठकठक केलं. ताई म्हणाली, "टकलू सांगतोय, पाणी झोपलेलं असतं. आधी दार वाजवायचं, मग पाना लावायचा."

चार वर्षं हे असं चाललं. पुढे ताई शिंप्याच्या दुकानात काज-बटण करायला जाऊ लागली आणि तिचा गुरुवार सुटला.

धाकटा मोठेपणी पंप दुरुस्त करू लागला. हात चांगला, गिऱ्हाइकं लांबून बोलवायची. पण कुठलाही पंप उघडण्याआधी तो त्यावर पान्याने तीनदा ठकठक करी. कुणी हसलं तर ऐटीत सांगे, "टीव्हीवर शिकलोय." हे कानावर आलं की ताई हातातल्या काजावर आणखी खाली वाके. तिच्या काजांत उभ्या जन्मात कुणाला खोट सापडली नव्हती, आणि सख्ख्या भावाला मात्र तिने हे शिकवून ठेवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्या खोट्याला पन्नास वर्षं झाली.

परवा भाच्याचा फोन आला. "आत्या, तुमचा टकलू सापडला! कुणीतरी इंटरनेटवर टाकलाय. बाबा म्हणतात, ताई आल्याशिवाय बघायचा नाही."

"आवाज आहे का रे त्याला?"

"अगदी स्वच्छ!"

ताईने डोकं दुखतंय म्हणून सांगून पाहिलं, तर धाकटा स्वतः स्कूटर घेऊन न्यायला हजर.

घरी सगळे टीव्हीसमोर बसले. बदक आलं, टकलू आला. त्याने पाना उचलून पाइपावर ठोकलं आणि चिरक्या आवाजात म्हणाला, "एक! दोन! तीन! चला, आता तुम्ही मोजा." पाण्याचं नाव नाही, पंपाचा पत्ता नाही. मेला अंक शिकवत होता! ताई सुईने खरखरीत झालेल्या आपल्या बोटांकडे बघत बसली. भावाकडे बघायची तिची छाती होईना.

धाकट्याने तेवढाच तुकडा मागे नेऊन दोनदा ऐकला. मान तिरकी करून, चालू पंपाचा आवाज ऐकतो तसा. मग निकाल दिला, "चित्र ठीक आहे. बिघाड आवाजात आहे." आणि आवाज बंद केला. "ताई, तू बोल."

"अरे, मला आता एक शब्द आठवत नाही. मी तेव्हा आपलं मनाला येईल ते..."

"ठाऊक आहे. तू यायची बंद झालीस तेव्हा एकटाच जायचो मी. नऊ वर्षांचा झालो, कान मोठे झाले, तरी काही ऐकू येईना."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"पंप चालू होत होते की!"

ताईला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. धाकट्याने कार्यक्रम पहिल्यापासून लावला. बदक आलं, तसा पंचावन्न वर्षांचा तो माणूस नऊ वर्षांच्या मुलीच्या ठेक्यात बोलू लागला, आणि एकही शब्द न चुकता टकलूच्या पान्यापर्यंत पोचला.

"टकलू सांगतोय, पाणी झोपलेलं असतं..."