हिराबायचं वाकडं बोट

खाडीच्या वळणावर एक तिवर पाण्याकडे वाकलेलं आहे. ओहोटी लागली की त्याच्या फांदीवर खंड्या येऊन बसतो, आणि खाली चिखलात, मुळांच्या आड, एक तिरकं बीळ उघडं पडतं. डोळे बांधले तरी हिराबाय त्या बिळाशी पोचली असती. त्याच बिळातल्या चिंबोरीने, खाडीतल्या खेकड्याने, तिच्या उजव्या हाताचं बोट चेचलं होतं. बोट जागेवर राहिलं, पण हाड वाकडं जुळलं. मूठ वळली की चार बोटं आत आणि ते एक बाहेर, कुणाकडे तरी रोखल्यासारखं.

तारापूरच्या खाडीकाठच्या बायका चिंबोऱ्या काढतात त्या लोखंडी आकडीने. पण बीळ मुळांखाली वळलं की आकडी अडते. मग हातच घालावा लागतो. हात बिळाच्या छताला घासत न्यायचा, म्हणजे तो चिंबोरीच्या पाठीवर उतरतो. तळाने नेला तर सरळ नांग्यांत जातो. आणि हात बिळात असताना तोंड बंद ठेवायचं. हिरा लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला आधी हे शिकवलं होतं, चूल नंतर.

पावसाळा सरताना ती अशीच खांद्यापर्यंत हात घालून पालथी पडली होती. शेजारच्या बिळावरून सुगंधाने विचारलं, “हिराबाय, तुजी सून रविवारची धा वाजंस्तवर निजते, ते खरं काय गो?”

असल्या प्रश्नाला गप्प कसं राहायचं! “धा? अगो, अकरा...” एवढंच हिरा बोलली. बोलण्याच्या भरात हात तळाला टेकला. नांगी मोडून हाती आली, पण बोट सोडीना. हिराबाय नांगी लटकवूनच बोईसरच्या दवाखान्यात गेली, हे सुगंधा अजून हळदीच्या मांडवात रंगवून सांगते.

हिराचा मुलगा निमेश बोईसरला कंपनीत पाळ्यांवर जातो. तो म्हणाला, “बस झाला आये. आता खाडी नाय.” आणि त्याने आकडी भंगारवाल्याला देऊन टाकली.

हिरा रडली नाही, भांडली नाही. पण त्या दिवसापासून घरात एक शब्द वाढला: बसा. ती मासळी साफ करायला घेई, तर सून हेमांगी म्हणे, “द्या इकडं, तुमी बसा.” ती हंडा उचली, तर निमेश म्हणे, “आये, तू बस.” सगळे मायेनेच म्हणायचे, म्हणून तर त्यांच्यावर ओरडताही येईना. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला निदान डांबर तरी लावतात, हिराच्या मनात येई. मला नुसती ओढून ठेवलीय.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी अवस होती. अवसेला चिंबोऱ्या भरलेल्या असतात आणि पाणी लांबवर हटतं. निमेश रात्रपाळीला होता. तांबडं फुटायला हिराने लुगडं वर खोचलं, पाटी घेतली आणि निघाली.

चिखल पायांना ओळखीचा लागला. निवट्या, चिखलातल्या बोटभर मासळ्या, टुणटुण उड्या मारत बाजूला झाल्या. खंड्या बसला होता. हिरा पालथी झाली, पण हात लगेच आत जाईना. भीती नांगीची नव्हती. बोटांनी ऐन वेळी दगा दिला तर उद्यापासून ‘बसा’ला काय उत्तर देणार, याची होती.

मग तिने हात घातला. छताला घासत, हळूहळू.

“हिराबाय! अगो, तूच काय?” मागून सुगंधाचा आवाज आला. “निमेशला ठाव हाय?”

हिरा गप्प.

“अगो, बोल की! बहिरी झाली काय?”

हिरा गप्पच. हाताला गार, कठीण पाठ लागली. वाकडं बोट काही कामाला आलं नाही. चार बोटांनी झालं.

बाहेर आली ती चिंबोरी थोराड, चिखलाने काळी. एक नांगी चांगली जाड, दुसरी इवलीशी, फिकट, नवी फुटलेली. सुगंधा खाली वाकली. “तोच गो, तुजा वैरी! सोड बिचाऱ्याला. त्याचा पन हात गेला, तुजा पन गेला.”

हिराने चिंबोरी उलटी केली. पोटाखाली अंडी असती, तर तिने ती सोडलीच असती, नेहमीच सोडायची. पण पोटावरची झडप निमुळती होती. नर होता.

“बिचारा?” ती म्हणाली. “तुमी मला बिचारी करून बसवली, आता याला पन बसवू? त्याने आपला काम केला, मी माजा करते.” आणि तिने सुतळीने नांग्या आवळल्या.

रस्त्याला लागली, तर समोर कंपनीची बस थांबलेली. निमेश उतरला आणि आईला बघून जागीच खिळला. कमरेपर्यंत चिखल, पाटीत चिंबोरी. खिडकीतून त्याचा सोबती ओरडला, “अरे निमेश, तेरी माँ है क्या? केकड़ा कितने का, माताजी?”

“इकायचा नाय,” हिरा म्हणाली. “माज्या पोराला हाय.” तिने चिंबोरी निमेशच्या हातात दिली. त्याने ती न बघता बरोबर मागून धरली, अंगठा पाठीवर दाबून. लहानपणी तिनेच शिकवलं होतं.

“आये, तुला सांगितला होता ना...”

“सांगितला. ऐकला पन. चल, भूक लागली.”

दुपारी कालवण झालं. जाड नांगी हिराने निमेशच्या ताटात टाकली, इवली स्वतः घेतली आणि दातांनी फोडली. आत फार काही नव्हतं, तरी तिने ती निवांत चोखली.

“पुढच्या अवसेला आकडी लागंल,” ती म्हणाली. “तू भंगारात दिलीस, तूच आन.”

“आनि नाय आनली तर?”

हिराने हात वर केला. चार बोटांना कालवण लागलेलं, पाचवं सरळ त्याच्याकडे. हेमांगीने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. निमेशने मान खाली घातली आणि नांगी फोडायला घेतली.