पाऊण तासाचं विमान

त्या वर्षी विमानाची तिकिटं स्वस्त झाली आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

भिवंडीजवळ दापोड्याला गोदामांच्या रांगेत माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. गाडी किती वाजता पोचेल हे सांगण्यावर माझं पोट. कुणी म्हणालं, "अडीचशे किलोमीटर, चार तास," की मी खवळायचो. "अहो, लोडिंग कोण धरणार? जकात नाका? कसाऱ्याचा घाट? ड्रायव्हरचं जेवण?" असा मी शहाणा.

तेवढ्यात भाचीचं लग्न ठरलं. वैजापूरजवळच्या गावी, दुपारी बारा वीसचा मुहूर्त. मेहुणे दोन वर्षांपूर्वी गेले होते, म्हणून हात धरून तिला मांडवात आणायला मामाच हवा, असा तिचा हट्ट. फोनवर रोज तेच, "मामा, वेळेवर ये हां."

मी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. मुंबई ते औरंगाबाद सरळ रेघ. पावणेतीनशे किलोमीटर, विमानानं पाऊण तास. झालं! बायको-पोरांना आदल्या दिवशी जीपनं पाठवलं आणि माझं तिकीट अख्ख्या दापोड्याला दाखवत फिरलो.

लग्नाच्या पहाटे कपाट-भांडी घेऊन आमचा टेम्पो निघाला. ड्रायव्हर शेजारच्या शेलार गावचा, माझ्याकडे पंधरा वर्षं. म्हणाला, "शेट, केबिनात जागा हाय. अकराला मांडवात सोडतो."

"तू ये मागून," मी म्हणालो. "तिथं मी तुझं स्वागत करतो."

तो नाशिकच्या रस्त्याला लागला आणि मी बरोबर उलटा, मुंबईला. ट्रॅफिक, मग रांग, मग तपासणी, मग परत रांग. साडेनऊला एकदाचं विमान उडालं. थोड्या वेळानं खिडकीतून बघतो तर खाली आपली खाडी, आपल्या गोदामांचे पत्रे! साडेतीन तास झाले होते घर सोडून, आणि मी पुन्हा भिवंडीवर.

पाऊण तास मात्र अगदी खरा निघाला. सव्वादहाला उतरलो आणि तेव्हा टाळक्यात उजेड पडला, की वैजापूर मागं राहिलं. भाचीच्या मांडवावरून उडत आलो होतो मी, गाढव, आणि आता सत्तर किलोमीटर परत जायचं होतं. लग्नसराईत टॅक्सी कुठली मिळायला? एसटी धरली. ती दर फाट्याला थांबायची.

बाराला बहिणीचा फोन आला. "दादा, कुठं आहेस?"

"आलोच. पाऊण तास."

ती रडायलाच लागली. "भटजी थांबत नाहीत रे. मामा म्हणून उभं कुणाला करू?"

मी विचारलं, "ड्रायव्हर पोचला का?"

"कधीचाच. पत्रावळ्या मांडतोय."

"त्याला कर," म्हणालो, आणि तोंडावर रुमाल धरून बसलो.

पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता, दुसरी पंगत बसली होती. ड्रायव्हरच्या कपाळाला कुंकू होतं, अंगात धुतलेला खाकी शर्ट. मला बघून त्यानं मान खाली घातली, जशी काही त्यानंच चोरी केली होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पाठवणीला भाची आधी त्याच्या पाया पडली. मग माझ्याकडे आली.

"मामा, मी घराचं दार सोडून मांडवात येतच नव्हते रे," ती म्हणाली. "वाटलं, तू येशील."